पूर, भीती आणि क्रेडिट नोट : एकाच टूर कंपनीचा सात वर्षांचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू मी खरं तर मे २०२५ मध्येच लिहायला घेतला होता, पण तेव्हा नुसता राग होता म्हणून अर्धवट सोडला. आता काश्मीर करून आलेय, डोकं थंड झालंय, तर सगळं एकदाच लिहून मोकळी होते. लांबलंय जरा, चहा घेऊन बसा.

कंपनीचं नाव टाकणार नाही. नाव टाकलं की कमेंटमध्ये तिचे चाहते आणि दुश्मन भांडत बसतात आणि मुद्दा राहतो बाजूला. आपली नेहमीची मराठी टूर कंपनी आहे असं समजा, सकाळी पोहे-उपमा, दुपारी वरणभात, अख्ख्या टूरमध्ये एकदा तरी श्रीखंड-पुरी, आणि वेलकम किटमध्ये टोपी आणि एक बॅग जी घरी आल्यावर भाजी आणायला लागते. ह्यांच्याबरोबर आम्ही तीन टूर केल्या. २०१८ ला केरळ, २०२३ ला सिक्कीम-दार्जिलिंग, २०२५ ला काश्मीर. आणि तिन्ही वेळा आमचं नशीब असं की बुकिंग आधी झालं आणि संकट नंतर आलं. नणंद तर म्हणते, वहिनी तुम्ही कुठलं बुकिंग करताय ते आधी कळवत जा, आम्ही तिकडे जायचं टाळू.

पण त्यामुळे एक झालं की कंपनी तीच, मेनू तोच, टूर मॅनेजर पण सगळे एकाच साच्यातले (हसरे, पळापळ करणारे, रात्री अंताक्षरी घेणारे), आणि जागा तीन, तिन्ही नुकत्याच मार खाल्लेल्या. त्यामुळे कंपनी कशी आहे ह्यापेक्षा कुठली जागा पडल्यावर किती दिवसात उठते, आणि का उठते, हेच जास्त दिसलं. माझी तक्रार अशी की तीस-पस्तीस वर्षं ह्याच धंद्यात असून कंपनीला ते दिसत नाही. त्यांचा अख्खा भारत एका ब्रोशरमध्ये आणि एका कॅन्सलेशन पॉलिसीत बसतो.

केरळपासून सुरू करते.

दिवाळीचं बुकिंग जुलैमध्ये केलेलं, सासूबाई बरोबर होत्या म्हणून आरामाची टूर घेतली, कोची-मुन्नार-थेक्कडी-अलेप्पी-त्रिवेंद्रम. आणि ऑगस्टमध्ये तो पूर. १५ ऑगस्टला कोचीचा विमानतळ पाण्यात गेला तो थेट २९ तारखेला चालू झाला, टीव्हीवर रोज होड्या आणि हेलिकॉप्टर. सासूबाईंनी तर मनातून केरळ रद्दच करून टाकलं होतं. मी ऑफिसात फोन केला, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली मॅडम टूर ऑन आहे, दिवाळीपर्यंत सगळं नॉर्मल. मला वाटलं थाप मारतेय. पण खरंच नॉर्मल होतं हो! म्हणजे अगदी शंभर टक्के नाही. मुन्नारला डोंगर जिथं जिथं खाली आलेला ते लाल ओरखडे दिसत होते, राजमलाच्या रस्त्यावर पेरियावरैचा पूल वाहून गेलेला त्यामुळे तिकडे तात्पुरत्या सोयीवर काम चाललेलं. नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलणार होती २०१८ ला, तिच्यासाठी वर्षभर आधीपासून बुकिंग झालेली, तो सीझन पावसाने खाल्ला आणि आम्ही नोव्हेंबरात पोचेपर्यंत उरलंसुरलं पण संपलेलं. आता २०३०. पण हॉटेलं चालू, रस्ते चालू, मसाल्याच्या बागा दाखवणारे चालू.

अलेप्पीला तर गंमतच झाली. नेहरू ट्रॉफीची होड्यांची शर्यत तेव्हा ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी असायची, त्या वर्षी पुरामुळे ती ढकलून १० नोव्हेंबरला ठेवलेली, आणि आमचा हाउसबोटचा दिवस नेमका तोच! टूर मॅनेजरला पत्ताच नव्हता. धक्क्यावर गर्दी बघून त्याचा चेहरा उतरला, कारण शर्यतीच्या तळ्यातल्या हाउसबोटींची ये-जा बंद. पण बोटवाल्यानेच मार्ग काढला, आम्हाला दुसरीकडून चढवलं, दुपारी लांबून का होईना त्या शंभर-शंभर वल्ह्यांच्या होड्या बघायला मिळाल्या, आणि सासूबाई आजही केरळ म्हटलं की तेच सांगतात. अलेप्पीजवळच्या कुट्टनाडात घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ होती, माझ्या डोक्याच्या वर. बोटीतला स्वयंपाकी ती रेघ बोटाने दाखवून म्हणाला, तीन महिन्यांपूर्वी ह्याच बोटीतून आम्ही माणसं काढत होतो.

तेव्हा मला वाटलेलं केरळची माणसं कष्टाळू म्हणून उभी राहिली. कष्टाळू आहेतच, पण कष्टाळू काय सिक्कीमची माणसं नाहीत? तर पुढच्या दोन टूर केल्यावर कळलं की केरळला दोन गोष्टी फळल्या. एक म्हणजे कॅलेंडर. पूर ऑगस्टात आला, तेव्हा तसाही पावसाळा, आपल्याकडून जाणारे कमीच, खरी गर्दी ऑक्टोबरपासून. म्हणजे दुरुस्तीला दीड-दोन महिने आयते मिळाले. दुसरं म्हणजे दारं भरपूर. कोची बंद पडला तर त्रिवेंद्रम आहे, कोझिकोड आहे, त्याच डिसेंबरात कन्नूर पण सुरू झाला, रेल्वे वरपासून खालपर्यंत, मदुराई-कोइंबतूरहून रस्ते. एक दार अडकलं तर दुसऱ्याने आत. आणि धंदा पण एका गावात गोळा झालेला नाही, समुद्र आहे, डोंगर आहे, बॅकवॉटर आहे, आयुर्वेद आहे, एकाला लागलं तर दुसरं चालू. आकडे बघितले तर २०१७ ला केरळात देशातले १ कोटी ४६ लाख पर्यटक आले होते, पुराच्या वर्षी ते कमी व्हायच्या ऐवजी १ कोटी ५६ लाख झाले, आणि २०१९ ला १ कोटी ८३ लाख! पुराच्या वर्षी वाढ, म्हणजे बघा. (केरळात सगळीकडे असंच होतं असं पण नाही. ३० जुलै २०२४ ला दरड कोसळली ती मुंडक्कै-चूरलमला भागात, पण बातमीत नाव गेलं वायनाडचं, आणि अख्ख्या जिल्ह्यातलं बुकिंग गळालं.)

तर केरळ टूरला मी तेव्हा पाचपैकी साडेचार दिले होते, कंपनीला. आता वाटतं त्यातले निदान दीड स्टार केरळचे होते, कंपनीने फुकट खाल्ले.

मध्ये एक वेगळा किस्सा सांगते, ह्यात कंपनी नाही. २०२० च्या डिसेंबरात, लॉकडाउन सैल झाल्यावर, आम्ही गाडी काढून दिवेआगरला गेलो. ३ जूनला निसर्ग वादळ तिथूनच आत आलेलं. ज्या काकूंकडे आम्ही नेहमी उतरतो त्यांच्या घरामागे नारळी-पोफळीची गच्च वाडी होती, दुपारी बाराला सुद्धा उन्हाचा कवडसा नाही पडायचा. गेलो तर मागे लख्ख उजेड. सगळं आडवं. पत्रे नवीन, मोदक तेच, काकूंचं हसणं पण तेच, पण उजेड सहन होईना. गर्दी मात्र फुल्ल! मुंबई-पुण्याहून चार-पाच तासात पोचता येतं, विमान नको, परमिट नको, त्यामुळे लोक वादळाला सहा महिने व्हायच्या आत परत आले. काकू म्हणाल्या पाहुणे आले बाई, पण वाडी यायला वेळ लागेल, माड लावला तरी फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात. म्हणजे कोकणात गिऱ्हाईक लवकर उठतं आणि झाड उशिरा, आणि सरकारदरबारी मोजणी होते ती गिऱ्हाइकांची. हे माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलंय.

आता सिक्कीम. इथं कंपनीची खरी परीक्षा झाली आणि नापास.

२०२३ च्या दिवाळीचं बुकिंग, गंगटोक-लाचुंग-पेलिंग-दार्जिलिंग. ३ ऑक्टोबरच्या रात्री साउथ ल्होनाक हे बर्फाचं तळं फुटलं, पाण्याचा लोंढा चुंगथांगचं धरण घेऊन तीस्तेतून खाली आला. उत्तर सिक्कीममध्ये हजारो पर्यटक अडकले, त्यांना हवाईदलाने उचलून आणलं. मी लगेच फोन केला. काउंटरवर आता दुसरी मुलगी पण वाक्य तेच, मॅडम दिवाळीपर्यंत सगळं नॉर्मल! म्हणजे २०१८ ला ते खरं निघालं ते अंदाजपंचे होतं हे मला तेव्हा कळलं.

महिनाभराने आम्ही बागडोगरा विमानतळावर उतरलो. आता नकाशा बघा. सिक्कीमला जायचं तर विमानतळ बंगालमध्ये, पाक्योंगला स्वतःचा विमानतळ २०१८ ला झालाय पण तिथं विमानं कधी येतात कधी नाही. रेल्वे बंगालपर्यंत. आणि तिथून गंगटोकला मुख्य रस्ता एकच, एनएच १०, तो पण तीस्तेच्या काठाकाठाने. म्हणजे जी नदी चिडली तिच्याच मांडीवर रस्ता. आम्हाला लावा-अल्गाराकडून फिरवून नेलं, एरवी चार-साडेचार तासांचा प्रवास, आम्ही सकाळी निघून रात्री पोचलो, ग्रुपमधल्या दोन काकांना उलट्या, एका काकूंची बीपीची गोळी राहिली बॅगेत आणि बॅगा दुसऱ्या गाडीत. टूर मॅनेजर बिचारा माफी मागत होता, पण त्याची काय चूक, त्याला मुंबईहून दिलेला प्लॅन जुनाच होता. गंगटोकला पोचल्यावर सांगितलं उत्तर सिक्कीममधलं लाचुंग रद्द, परमिट नाही. मग त्या दोन रात्रींचं काय? तर "दार्जिलिंगला एक्स्ट्रा दिवस आणि गंगटोकला शॉपिंग". पैसे परत? नाही, कारण "पर्यायी स्थलदर्शन दिलेलं आहे". शॉपिंग हे स्थलदर्शन!

मला पैशापेक्षा दुसरं लागलं. आमच्या हॉटेलात कामाला एक पोरगी होती, लाचुंगची, तिच्या आईचा होमस्टे आहे तिकडे, सात खोल्या. ती म्हणाली पूजेच्या सुट्टीत बंगालहून जे लोक येतात त्या तीन आठवड्यांवर आमचं अर्धं वर्ष निघतं. २०२३ ला दुर्गापूजा २० ऑक्टोबरच्या आसपास होती, आणि लोंढा आला ४ तारखेला पहाटे. सोळा दिवस. केरळला दुरुस्तीला दोन महिने मिळाले आणि ह्यांना सोळा दिवस, ते पण एकाच रस्त्यावर, आणि तिच्या गावाला तर तो पण नाही. होमस्टे जसाच्या तसा उभा, एक काच फुटली नव्हती, पण तिथं पोचायचं कसं?

आणि त्याच सिक्कीममध्ये पेलिंग बघा, पश्चिमेकडे, काहीही झालेलं नव्हतं! कांचनजंगा सकाळी सहाला अशी समोर की वाटावं हात लावून येऊ. हॉटेलं मात्र रिकामी, कारण लोकांच्या डोक्यात "सिक्कीम बुडालं". कंपनीला जर थोडी अक्कल असती तर त्यांनी टूर उलटी फिरवली असती, बागडोगराहून आधी दार्जिलिंग, मग जोरथांगवरून पेलिंग, तिथं तीन रात्री, गंगटोक एकच रात्र आणि तेही रस्ता चालू असेल तर. नकाशा उघडला की दिसतं हे. परतीला एनएच १० चा एक तुकडा छोट्या गाड्यांना चालू होता, तिथून तीस्ता बाजार दिसलं, घरांच्या खिडक्यांपर्यंत गाळ आणि त्या गाळावर एकाने टेबल मांडून चहा विकायला सुरुवात केलेली. आम्ही सगळ्यांनी घेतला. चहा बरा होता, टूरमधली तीच एक गोष्ट ठरलेल्या वेळेच्या आधी मिळाली.

सिक्कीम टूर, पाचपैकी दोन. दोन्ही ड्रायव्हरना.

परत आल्यावर तक्रार द्यायला ऑफिसात गेले. पुढच्या वर्षी पुन्हा एकदा गेले तेव्हा भिंतीवर नवीन पोस्टर, देशांतर्गत पर्यटनाने कोरोनाच्या आधीचा विक्रम मोडला म्हणून. आकडा खोटा नाहीये. केंद्र सरकारच्या मोजणीत २०१९ ला देशात २३२ कोटी पर्यटक-फेऱ्या, २०२० ला धाडकन ६१ कोटी, आणि २०२३ ला २५० कोटी. छानच. पण त्या अडीचशे कोटीत लाचुंगच्या त्या सात खोल्या कुठं दिसतात? त्यात काशी-अयोध्येच्या फेऱ्या आहेत, तिरुपती आहे, आणि देवाच्या जागेचं तर गणितच वेगळं. केदारनाथला २०१३ च्या जूनमध्ये काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, पुढच्या वर्षी जेमतेम ४० हजार लोक गेले, आणि २०२३ ला १९ लाखांच्या वर! तिथं रस्ता वाहून गेला तरी माणूस चालत जातो, घोड्यावर जातो, म्हणतो देवाने बोलावलंय. लाचुंगला कोणाला देव बोलवत नाही ना. (केदारनाथला इतकी माणसं जाणं बरं का, तो वेगळा विषय, माझं मत बरं नाही असं आहे.) गोवा अजून तिसरंच, २०२० ला परदेशी चार्टर विमानं थांबली तर आपलीच मुंबई-पुणे-बंगळुरूची पोरं लॅपटॉप घेऊन तिकडे जाऊन बसली. म्हणजे प्रत्येक जागेचं गिऱ्हाईक वेगळं, दार वेगळं, सीझन वेगळा, आणि सगळ्यांची सरासरी काढून भिंतीवर पोस्टर.

आता काश्मीर, जिथून हा रिव्ह्यू सुरू झाला.

३ मे २०२५ ची टूर, मी, नवरा आणि मुलगा, विमानाची तिकिटं आमची आम्ही काढलेली, बाकी पॅकेजचे एक लाख सव्वीस हजार भरलेले. २२ एप्रिलला पहलगाम. बैसरनला २६ माणसं मारली, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली. त्यावर मी इथं काही लिहिणार नाही, ती जागाही नाही. आम्ही रद्द केलं, कंपनीनेही ती बॅच रद्द केली. पुढे मे महिन्यात श्रीनगरचा विमानतळच काही दिवस बंद होता. इथवर कोणाची चूक नाही.

मग आली क्रेडिट नोट. पैसे परत नाहीत, क्रेडिट नोट, ती पण पंधरा टक्के "ऑपरेशनल खर्च" कापून, एक लाख सात हजार शंभर, ३१ मार्च २०२६ पर्यंत वापरा. मी विचारलं कसला खर्च, तर म्हणे हॉटेलांना आणि हाउसबोटींना आम्ही ॲडव्हान्स दिलेला असतो मॅडम, तो ते परत देत नाहीत. ठीक आहे, म्हटलं त्यांच्यावर आभाळ कोसळलंय, गेले पैसे त्यांना तर गेले. मनातून खरंच तसं वाटलं.

ऑक्टोबरात ती नोट वापरून आम्ही दोघं गेलो (मुलाला सुट्टी नव्हती). सीझन नसल्यामुळे स्वस्त, माणशी साडेएकतीस हजार. आणि हे अगदी मनापासून लिहिते, इतकं सुंदर काश्मीर परत कधी बघायला मिळेल असं वाटत नाही. चिनार लाल व्हायला लागलेले, पंपोरला केशराची पहिली फुलं, गुलमर्गला गोंडोलाची (तिथल्या रोपवेची) रांग म्हणजे काय ते कळलंच नाही. टूरची कामं पण चोख, गरम पाणी, वेळेवर गाड्या, आणि ह्या वेळचा टूर मॅनेजर दादा तर हिराच, कोणी दमलं की स्वतः बॅग उचलायचा. बेताब व्हॅली उघडली होती, बैसरन बंदच. पहलगामला घोडेवाले आमच्या मागे लागले नाहीत, लांबून सलाम करून उभे राहिले, तेच जास्त टोचलं. एरवी आपण त्यांच्या मागे लागण्याला वैतागतो ना!

लाचुंगच्या अगदी उलटं चित्र होतं. तिकडे रस्ता तुटलेला आणि लोक यायला तयार. इकडे सगळं शाबूत, हॉटेलं नवी कोरी, सोनमर्गचा बोगदा जानेवारीतच सुरू झालेला, जूनपासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत, वर चिनाबचा तो ३५९ मीटर उंच पूल, दारं वाढली आहेत उलट, आणि तरी खोल्या रिकाम्या. पूर-भूकंपाने मोडलेलं दिसतं तरी, जेसीबी लावता येतो. भीतीला जेसीबी कुठला लावणार. एप्रिलमध्ये, हल्ल्याच्या काही दिवस आधी, ट्यूलिप गार्डनला ८ लाखांवर माणसं येऊन गेली होती, आणि मग आठवड्याभरात सरकारने ८७ पैकी ४८ ठिकाणं बंद केली. घसरण जितकी एका रात्रीतली तितकंच वर येणं पण इथं एकदम होतं म्हणतात. ऑगस्ट २०१९ ला पर्यटकांना बाहेर काढलं, मग कोरोना, आणि २०२२ पासून तर पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणजे हे प्रकरण झोक्यासारखं आहे. पण झोक्यावर जो बसलेला असतो त्याला विचारा.

विचारलं मी. आमच्या हाउसबोटीचे मालक, सत्तरीचे, कहवा स्वतः आणून देणारे. मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं चाचा, मे महिन्यात तुमचं फार नुकसान झालं, आमच्या पैशातला निदान ॲडव्हान्स तरी तुमच्याकडे राहिला ते बरं झालं. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले बेटी, कौनसा ॲडव्हान्स? आम्ही तर सगळ्या एजंटांचे पैसे परत केले, एक रुपया कापला नाही, गेस्ट घाबरलेला असताना त्याचे पैसे कसे ठेवायचे. फोनमधला मेसेज काढून दाखवला, आमच्याच कंपनीच्या मॅनेजरने "रिसीव्हड विथ थँक्स" लिहिलेलं. तारीख ९ मे. माझी क्रेडिट नोट १४ मे ची.

मी काही बोलले नाही तिथं. नवऱ्याने फोटो काढून घेतला मेसेजचा. रात्री झोप आली नाही, बोट हलत नव्हती तरी.

परत येऊन ऑफिसात तो फोटो दाखवला. मॅनेजर म्हणाले ते एका वेंडरचं आहे, बाकीच्या वेंडरनी ठेवून घेतले असतील, आमची पॉलिसी ऑल इंडिया एकच असते मॅडम, प्रत्येक राज्याला वेगळी कशी ठेवणार. मी म्हटलं का नाही ठेवणार? जिथं रस्ता एकच आहे तिथं पर्यायी प्लॅन आधीच छापा, जिथं भीतीने टूर रद्द होते तिथं वेंडरने परत केलेले पैसे गिऱ्हाइकाला द्या, जिथं संकट ऑफ सीझनला येतं तिथं उगाच रद्द करू नका, एवढंच तर आहे. ते हसून म्हणाले मॅडम तुम्हीच आमच्याकडे जॉइन व्हा. पाणी दिलं, पैसे नाही दिले. ग्राहक आयोगात अर्ज टाकायचा विचार चालू आहे, त्याचं काय होतं ते नंतर लिहीन.

स्टार विचारताय तर, जेवण साडेचार, टूर मॅनेजर मंडळी सरसकट पाच, गाड्या चार, ऑफिस एक. ज्यांना आई-वडिलांना घेऊन राजस्थान, केरळ असं करायचंय त्यांनी डोळे मिटून जा ह्यांच्याबरोबर, काही होत नाही. जिथं एकच घाट आणि एकच नदी आहे तिथं जायचं असेल तर मात्र स्थानिक माणूस शोधा, थेट होमस्टेशी बोला, बुकिंगची रक्कम थोडी ठेवा आणि एक दिवस हातात जास्तीचा ठेवा. काश्मीरला तर आत्ता जाच, आणि हाउसबोटीचे पैसे हाउसबोटवाल्याच्या हातात द्या.

क्रेडिट नोटमध्ये माझे अजून चव्वेचाळीस हजार शंभर शिल्लक आहेत. मी ठरवलं ते लाचुंगलाच घालवायचे, त्या पोरीच्या आईच्या सात खोल्यांपैकी एका खोलीत. गेल्या सोमवारी फोन केला, म्हटलं नॉर्थ सिक्कीमची बॅच कधी आहे. मुलगी नवीनच होती, आवाज गोड. म्हणाली मॅडम पहिली डिपार्चर ११ एप्रिल. मी म्हटलं माझी नोट ३१ मार्चला संपते. ती म्हणाली मग मार्चमध्ये राजस्थान करा ना मॅडम, ते पण छान आहे, आणि रेट सेमच पडेल.